टिळा लावलेले बारा साचे

गळ्याला हात लावून सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. एक अक्षर जरी पदरचं घातलं असेल तर माझे सगळे दात पडू देत. हसताय काय? कवळीसुद्धा धरा त्यात. नवी आहे, महाग आहे.

तर अठ्ठ्याहत्तर साल. खंडेनवमीचा दिवस. सकाळचे नऊ वाजलेत आणि मी गिरणीत उकिडवी बसून साच्यावरची पितळी पाटी चिंचेनं घासतेय. माझ्या शेजारी हौसाक्का दुसरी पाटी घासतेय, आणि घासता घासता मॅनेजरला शिव्या देतेय.

"पाहुणा येणार, पाहुणा येणार! मेल्यानं चार दिवस अन्न गोड लागू दिलं नाही. कोण एवढा लागून गेलाय?"

"पुण्याचा आहे म्हणे. दोन देशांची तुलना करतोय."

"कर म्हणावं. आपलं काय जातंय."

आपलं काय जातंय ते हौसाक्कालाही ठाऊक होतं. दिवाळीनंतर गिरणी बंद होणार असं सहा महिने कानावर येत होतं. सूत सारखं तुटायचं, माल परत यायचा. गिरणी गेली की पगार गेला, आणि पगाराबरोबर चाळीतली खोलीसुद्धा. तुमचे आजोबा तेव्हा त्याच खोलीत खोकत पडलेले. ते कापूस पिंजायच्या खात्यात होते, छाती गेलेली. पोरं दोन, धाकटी चार वर्षांची. मिळवती मी एकटी. त्यांना उचलून कुठं न्यायचं, हे मी रोज पीठ मळताना मनात घोळवायचे आणि रोज पीठ संपेपर्यंत काही सुचायचं नाही.

आमचं वाइंडिंगचं खातं. म्हणजे कांडीवरचं सूत मोठ्या कोनावर, पुठ्ठ्याच्या शंकूवर, गुंडाळायचं. साचे, म्हणजे आमची यंत्रं, बारा; आम्ही बायका चोवीस. गिरणी पंचावन्न साली सुरू झाली तेव्हा जे साचे आले तेच हे. मी त्रेसष्टला लागले तेव्हाही ते म्हातारेच होते. दस्तगीर मिस्त्री त्यांना तारेनं, चामड्यानं, कधी कधी माझ्या जुन्या लुगड्याच्या काठानं बांधून चालवायचा. त्याचा बापही इथंच मिस्त्री होता.

पण खंडेनवमीला मात्र आमचा थाट बघायचा! आम्ही आपल्या पैशानं तेलरंगाचे डबे आणायचो. त्या वर्षी पाहुणा येणार म्हणून हिरवा रंग दोन दोन हात दिलेला. झेंडूच्या माळा, साच्याच्या तोंडाशी हळदीकुंकवाचा टिळा, पाट्या सोन्यासारख्या लख्ख. दस्तगीर मिस्त्री तर आठ दिवस घरी गेला नव्हता. साच्यांच्या पोटात शिरून बसलेला.

दहा वाजता मॅनेजर वाळिंबे पाहुण्यांना घेऊन आले. नाबर त्यांचं नाव. चाळिशीचा किरकोळ माणूस, खांद्याला पिशवी, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. दारातच थबकले.

"सगळं बंद का? संप आहे का?"

"छे छे, आज पूजा! खंडेनवमी!" वाळिंबे म्हणाले.

नाबरांनी कपाळावर हात मारला. बिचाऱ्यानं तारीख बघितली होती, तिथी बघितली नव्हती. चारच्या एसटीनं परत जायचं होतं त्यांना. हौसाक्कानं त्यांना टिळा लावला, हातावर पेढा ठेवला, आणि ते पेढा तोंडात धरूनच साचे बघत निघाले. बघता बघता चेहरा असा खुलला, जशी काय आम्ही त्यांची नवरी सजवून बसवलीय.

मग पिशवीतून एक कागद काढला. कागद कसला, चादर! उलगडत गेले, उलगडत गेले, शेवटी दोन बाया धरायला लागल्या. त्यावर रेघाच रेघा. उभ्या रेघांत वर्षं, पंचावन्नपासून अठ्ठ्याहत्तरपर्यंत. एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला कोरिया.

"कोरियातही अशीच एक गिरणी आहे," नाबर आम्हाला समजावून सांगायला लागले. त्यांना सांगायची हौस फार. "तीही पंचावन्न सालीच सुरू झाली. साचेही तेव्हा दोन्हीकडे एकाच बनावटीचे होते. आता मी बघतोय, तेवीस वर्षांत त्यांनी स्थिर भांडवलात किती भर घातली आणि आपण किती."

"ते काय असतं?" हौसाक्कानं विचारलं.

"जे विकायला नसतं, जागेवर राहून वर्षानुवर्षं काम करतं ते. इमारत, साचे, मोटारी."

"म्हणजे आम्हीच की!"

"नाही नाही, माणसं नाही धरत त्यात."

बायका हसल्या. नाबरही हसले. मग माझ्या साच्यापाशी येऊन त्यांनी पाटी बघितली. पाटी आरशासारखी चकचकीत, पण त्यावर अक्षर एक नाही. तेवीस खंडेनवम्या चिंच आणि विटेची पूड लावून घासलेली ती! साल, कंपनीचं नाव, सगळं आमच्या भक्तीनं पुसून काढलेलं.

"हा साचा केव्हा आला, बाई?"

आता ऐका. मला खरं सांगता आलं असतं. पण सकाळपासून घासून घासून माझे हात दुखत होते, साचा नवरदेवासारखा उभा होता, आणि समोर पुण्याचा माणूस तोंड उघडं टाकून बघत होता. शिवाय कोरियाची ती बाजू आकड्यांनी गच्च भरलेली आणि आमची बाजू कोरी. मला कसंतरीच झालं. शेजारणीकडे पाच भाज्या झाल्यात आणि आपल्या चुलीवर नुसतं पिठलं, तसं.

"हा होय? गेल्या सालचा, साहेब. जर्मनीहून आला. बोटीतनं. मुंबईला उतरवायला दोन हत्ती लावले."

"हत्ती?"

"एक तर दमून बसलाच धक्क्यावर."

बायका पदरात तोंड घालून खुसखुसायला लागल्या. पण मी सुरू केल्यावर कुणी मागं राहीना. यसाबाई म्हणाली, माझा दोन वर्षांपूर्वीचा. रत्नव्वा म्हणाली, माझा यंदाच बसवला, कागदही काढायचाय अजून. हौसाक्का तेवढी गप्प होती. तिच्या वाटचं मीच सांगितलं, "तिचाही जर्मनीचाच, माझ्या साच्याचा जुळा भाऊ." वाळिंबे साहेब मागं हात बांधून नुसते फुगत होते. त्यांना वाटलं, गिरणीची अब्रू राहिली.

नाबरांनी हत्ती लिहिले नाहीत. पण साल लिहिलं. बाराच्या बारा साच्यांचं.

जेवायला आम्ही त्यांना खात्यातच बसवलं. पोळ्या, कटाची आमटी, भात. नाबर फार खुशीत. दुसरी पोळी वाढताना मला म्हणाले, "तुम्हाला सांगतो, सतरा गिरण्या बघितल्या. प्रत्येक ठिकाणी रडगाणं. आमचे साचे जुने, आमचे साचे मोडके. का, तर या सगळ्या गिरण्या ज्या मुंबईच्या कचेरीच्या, तिनं ठरवलंय, माझ्या तक्त्यात ज्यांचे साचे सगळ्यात जुने निघतील त्यांना नवे द्यायचे. त्यामुळं सगळे खोटं बोलतात. तुम्ही पहिल्या भेटलात खरं सांगणाऱ्या."

माझ्या हातातली तुपाची वाटी खाली पडली.

"आणि ज्यांचे साचे नवे?" मी विचारलं.

"त्यांना कशाला हवेत?"

 यसाबाईनं माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात शिवी होती. नुसती शिवी परवडली असती हो.

मी तिथंच पाय धरले त्यांचे. "साहेब, मी खोटं बोलले. पंचावन्नचे आहेत सगळे. हत्तीबित्ती काही नाही. जर्मनी कुठं आहे तेसुद्धा मला ठाऊक नाही."

नाबरांनी पाय मागं घेतले. चेहऱ्यावरची खुशी अशी निघून गेली, जसा दिवा विझावा.

"बाई, पाच मिनिटांपूर्वी नवे होते. नवे साचे मिळणार म्हटल्यावर जुने झाले?"

"वाळिंबेसाहेब, सांगा ना तुम्ही!"

"जुनेच आहेत," वाळिंबे पुटपुटले. "अगदीच जुने."

"सकाळी मी विचारलं तेव्हा तुम्ही हसत होतात."

"ते... पाहुण्यांसमोर..."

"कागद दाखवा. खरेदीचा."

कागद मुंबईला. फोन लावला तर कचेरीला नवमीची सुट्टी. पाट्या तर अशा. मी नखानं रंग खरवडायला लागले. वरचा हिरवा निघाला, खाली गेल्या सालचा निळा, त्याखाली लाल, त्याखाली परत हिरवा. "बघा साहेब, वर्ष मोजा, झाडाची मोजतात तशी!" नखं उलटी झाली. नाबर म्हणाले, "रंग कितीही वेळा देता येतो." बरोबरच होतं त्यांचं. एक वाजला होता.

तेवढ्यात मला सुचलं. साचा चालवून दाखवायचा! दहा गिरक्या झाल्या नाहीत तोवर खडखडेल, सूत तुटेल, पट्टा सुटेल. आंधळ्यालासुद्धा कळेल त्याचं वय.

दस्तगीर मिस्त्री कोपऱ्यात हात पुसत उभा होता. मी म्हटलं, "मिस्त्री, लाव मोटर."

"आज नाही, अक्का."

"लाव म्हणते ना!"

"टिळा लावलाय साच्याला. उद्या सोनं वाटून झालं की मग. माझ्या बापानं टिळ्याच्या साच्याला कधी हात लावला नाही, मी नाही लावायचा."

"अरे, तुझी चार लेकरं आहेत. कुठं जाणारेस त्यांना घेऊन?"

"ते मला विचारू नको."

"मग कुणाला विचारू? माझा नवरा खोलीत रक्त थुंकतोय. त्याला मी रस्त्यावर मांडू का? पाप लागलं तर मला लागू दे. माझ्या नावावर लाव."

दस्तगीर माझ्या साच्यापुढं आला. मग चप्पल काढली, साच्याच्या पाया पडला, तोच हात कानाच्या पाळ्यांना लावला, आणि बटण दाबलं.

साचा चालला.

असा चालला म्हणून सांगू! ना खडखड, ना थरथर. पंधरा वर्षांत मी त्याला असा चालताना बघितला नव्हता. लोण्यातनं सुरी जावी तसं सूत गुंडाळलं जात होतं. मी मनात म्हणतेय, तूट मेल्या, एकदा तरी तूट. दुसरा साचा लावला, तोही तसाच. तिसरा, तोही. झेंडूची माळ हलतेय, टिळा हलतोय, आणि एक तार तुटेल तर शपथ.

मी मिस्त्रीकडं बघितलं. त्याचे डोळे भरलेले.

"अक्का," तो हळूच म्हणाला, "आठ दिवस हेच केलं गं. पाहुण्यासमोर लाज जाऊ नये म्हणून. सगळं आतनं बसवलं. चुकलं माझं."

नाबरांनी चष्मा पुसला. "उत्तम आहेत साचे," म्हणाले, आणि ती चादर घडी घालायला लागले. दोन वाजले होते. मी जमिनीवरच बसले.  ज्या तोंडानं हे केलं त्याच तोंडाचा उपयोग संपलेला. पोरांना माझ्या माहेरी पाठवावं की आपणच जावं, की सगळ्यांनी मिळून विहिरीकडं जावं, असलं काहीबाही डोक्यात यायला लागलं. हो, विहिरीचंही आलं. तेही खरंच आहे.

जाता जाता नाबर सहज हौसाक्काच्या साच्याशी वाकले. दातेरी चाकं कशी फिरतात ते बघायला बोट पुढं केलं.

हौसाक्कानं झडप घालून मनगट धरलं. "तिथं नाही, साहेब! माझं तिथंच गेलं."

"काय गेलं?"

तिनं हात वर केला. मधली दोन बोटं पेरापासून नव्हती. आम्ही रोज बघायचो, म्हणून आम्हाला दिसायचीच नाहीत.

"केव्हा?"

"थोरला पोटात होता तेव्हा, सातव्या महिन्यात. बारशाला घुगऱ्या डाव्या हातानं वाटल्या मी."

"थोरला किती वर्षांचा?"

"या पौषात सतरा पुरा होईल."

नाबर बोटांवर मोजायला लागले, आणि मोजता मोजता थांबले. "एकसष्ट. याच साच्यात?"

"याच. ते खालचं चाक. कापूस अडकला होता, काढायला गेले."

"पण हा तर जर्मनीहून..."

 माझ्याकडं बघितलं त्यांनी. मी उठले. "यसाबाई, ये इकडं. हात दाखव."

यसाबाईचा अंगठा. पाचवा साचा, अडुसष्ट, भूकंप झाला त्याच्या दुसऱ्या वर्षी. रत्नव्वाचं तळव्यापासून कोपरापर्यंत उसवलेलं, आठवा साचा, बहात्तर, दुष्काळाचं साल. एक आली, दुसरी आली. कुणी लेकाच्या वयावरून सांगायची, कुणी सासऱ्याच्या मरणावरून. नाबर चादर परत उलगडून साच्यांवर पसरून लिहीत होते. एक साल खोडायचे, दुसरं लिहायचे. खाली साच्याचे उंचवटे, म्हणून अक्षर वाकडं येत होतं. कुणी रडलं नाही. बाजारात भाजी मोजून द्यावी तसं चाललं होतं.

बारापैकी नऊ साच्यांचं साल लागलं. तिघांनी कुणाचं काही घेतलेलं नव्हतं. त्यांच्यापुढं नाबरांनी टिंब दिलं.

"आणि तुमचा हात?" मला विचारलं.

मी दोन्ही हात पुढं केले. दहाच्या दहा बोटं. नखं तेवढी मघाशी उलटलेली. माझ्या साच्याला मी लागायच्या आधी शांताबाई होती, तिनं बोट दिलेलं. एकोणसाठला. ती आता नव्हती, म्हणून तिच्या वतीनं हौसाक्कानं सांगितलं.

लिहून झालं तरी नाबर हलेनात. कोरियाच्या बाजूवर त्यांचं बोट होतं. तिथली अक्षरं टाईप केलेली, सरळ, एका ओळीत.

"हे मला टपालानं आलं," ते म्हणाले. कुणाला म्हणाले कोण जाणे. "तिथंही बायकाच असतील साच्यांवर. मी त्यांचे हात बघितलेच नाहीत."

एसटी सव्वाचारला आली. दस्तगीर त्यांची पिशवी घेऊन फाट्यापर्यंत गेला. दुसऱ्या दिवशी दसरा. आम्ही सोनं वाटलं, आणि यसाबाईनं माझ्या हातातही आपट्याचं पान ठेवलं. बोलली नाही, पण ठेवलं.

माघात पत्र आलं. आणि मार्चात ट्रक आले! आठ ट्रक, एकामागं एक, फाट्यापासून धूळ उडवत. सगळी चाळ रस्त्यावर. नव्या साच्यांची ही एवढाली खोकी, हिरव्या ताडपत्रीखाली. हौसाक्कानं उरल्या बोटांनी नारळ फोडला. दस्तगीर मिस्त्री खोक्यांवर हात फिरवत लहान मुलासारखा रडला. माझा नवा साचा असा होता की चाकांना झाकण, बोट घालायचं म्हटलं तरी घालता येऊ नये. मी त्यावर बावीस वर्षं काढली. तुमचे आजोबा त्या खोलीतच बरे झाले, आणि...

बरं. थांबा.

शपथ घेतलीय मघाशी, म्हणून सांगते. एक तपशील पदरचा आहे.

ट्रक आठ होते, ते खरं. नारळ फोडला, तेही खरं, आम्हालाही लांबून नवे साचेच आलेत असं वाटलं होतं. पण ट्रक रिकामे आले. भरून गेले.

नाबरांनी अगदी खरं लिहिलं होतं. मुंबईच्या कचेरीचं पत्र वाळिंबेंनी माघापासून दाबून ठेवलं होतं, ते आता वाचून दाखवलं. तक्त्यावरून दिसतं की या गिरणीचे साचे इतके जुने आहेत की आता तिच्यात पैसा घालणं परवडणार नाही. गेल्या सालचे असते तर चार वर्षं तरी चालू दिली असती, असं वाळिंबे म्हणाले. सगळ्यांसमोर म्हणाले.

साचे सोडवायला मुंबईची माणसं आली होती, हातोडे घेऊन. दस्तगीरनं त्यांना आत येऊ दिलं नाही. एकेक बोल्ट त्यानं तेल घालून, पाना लावून, हातानं सोडवला. एकही तोडला नाही. तीन दिवस लागले. बाहेर भंगारवाला घड्याळ बघत होता.